पुराचं पाणी आणि प्यायचं पाणी: गावात हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

नाल्याचा पूर दोन-चार तासांत उतरतो. त्यातलं पाणी विहिरीत शिरलं असेल तर ते मात्र पंधरा दिवस गावाच्या पोटात फिरत राहतं. तरीही बहुतेक गावांत पूर हे तहसीलचं काम समजलं जातं आणि पाण्याची तपासणी आरोग्य खात्याचं. गावाने ही दोन्ही कामं एकाच वहीत आणली तर निम्मी अडचण मेमध्येच दिसते. जलसुरक्षक (गावाच्या पाणीपुरवठ्याची आणि पाणी शुद्धीकरणाची रोजची देखभाल करणारा) म्हणून नुकतीच नेमणूक झालेल्यांसाठी, पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्यांसाठी, बचत गटाच्या बायांसाठी आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरा-पोरींसाठी हे लिहिलं आहे. खर्च फार नाही. शंभर पानी वही, ऑइल पेंटचा एक डबा, गवंड्याची लेव्हल नळी, ओटीची (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या रसायनाची) बाटली आणि ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर एवढ्यावर सुरुवात होते.

आधी ठरवा, तुमच्या गावाचा पूर कोणता

विदर्भातल्या गावात पाणी तीन वाटांनी शिरतं आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

पहिली वाट नदीची. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा, पूर्णा यांच्या काठी असाल तर तुमच्या गावात थेंब न पडताही पूर येऊ शकतो. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला तेव्हा मुख्य पाऊस वर मध्य प्रदेशात झाला होता. तिकडून संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि ते भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत पसरत गेलं. अशा गावाने आभाळाकडे बघत बसून उपयोग नाही, वरच्या धरणाची खबर ठेवावी लागते.

दुसरी वाट नाल्याची. हा पूर तासाभरात चढतो. त्यातही नाला पुढे ज्या नदीला मिळतो ती आधीच भरलेली असेल तर नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. या फुगवट्याचं पाणी संथ दिसतं म्हणून लोक गाफील राहतात.

तिसरी वाट गावाच्या आतली आहे. सिमेंट रस्ता घराच्या उंबऱ्याहून वर गेला, नाली बुजली, पांदणीचं, म्हणजे शेतरस्त्याचं, पाणी गल्लीत वळलं, की नदी-नाला नसलेल्या गावातही चुलीत पाणी जातं. याला कोणी पूर म्हणत नाही, पण विहिरीत घाण जाते ती बहुतेक वेळा याच वाटेने.

काळ्या मातीची एक खोड लक्षात ठेवा. मृगात जमिनीला हात घालता येईल एवढ्या भेगा असतात, त्यामुळे साठ मिलिमीटर पाऊस पडला तरी नाल्याला फारसं पाणी येत नाही. जुलैच्या मध्यावर माती फुगून भेगा मिटल्या की तेवढाच पाऊस जवळजवळ सगळाच्या सगळा नाल्यात उतरतो. 'मागच्या महिन्यात एवढाच पाऊस झाला, काही झालं नव्हतं' हा हिशेब म्हणूनच फसतो.

माणसं

सात-आठ जण पुरेत. जलसुरक्षक, आशाताई, पोलीस पाटील, कोतवाल, ट्रॅक्टरवाला एक, मोटरसायकल असलेला पोरगा एक आणि बचत गटाच्या दोघी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं, म्हणजे एफटीकेचं, प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच कोण हे ग्रामसेवकाला विचारा (कागदावर आता ग्रामपंचायत अधिकारी, गावात अजून ग्रामसेवकच). किट कपाटात सीलबंद पडलेलं सापडलं तर आश्चर्य मानू नका. आतल्या रसायनांची मुदत तेवढी बघून घ्या.

आणखी एक माणूस हवाच, खालच्या वस्तीतला. नाल्याला लागून असलेली घरं बहुतेक गावांत सगळ्यात गरिबांची असतात. त्यांची विहीर किंवा हापशीही सगळ्यात सखल जागी असते. समिती वरच्या आळीची आणि पूर खालच्या आळीत, अशी मांडणी झाली की पहिल्या पावसातच काम बसतं.

१ मेची ग्रामसभा या कामाला सोयीची. तिथे भाषण देऊ नका. नाला सफाईची तारीख, टीसीएलची खरेदी आणि पूररेषा रंगवणं एवढे तीन ठराव लिहून घ्या आणि उठा.

पूररेषा शोधणं

मेच्या संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसायचं. प्रश्न मोघम विचारला की उत्तरही मोघम येतं. 'पूर किती मोठा होता' याला 'लय मोठा होता बाप्पा' हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी घरातल्या वस्तूला धरून विचारा. 'काकाजी, एक्क्याण्णवच्या पुरात पाणी कुठलोक आलं होतं? चुलीलोक का देव्हाऱ्यालोक?' मग काकाजी उठून भिंतीला बोट लावतात. तीच तुमची खूण.

एक्क्याण्णवचा पूर म्हणजे ३० जुलै १९९१ चा. त्या दिवशी वर्धा नदीने नरखेड तालुक्यातलं मोवाड बुडवलं आणि २०४ माणसं गेली. वर्धेच्या खोऱ्यात तो पूर अजून मोजपट्टीसारखा वापरतात. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडे जुलै २०२२ च्या खुणाही ताज्या आहेत. दोन-तीन वेगळ्या घरांतल्या खुणा एकमेकींशी जुळल्या तरच धरायच्या.

आता ही उंची विहिरीपर्यंत न्यायची. गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या, पंधरा ते वीस मीटर. तिच्यात पाणी भरा आणि नीट दिसावं म्हणून चिमूटभर नीळ टाका. एका टोकाची पाण्याची पातळी भिंतीवरच्या खुणेला लावा, दुसरं टोक विहिरीच्या कठड्याशी धरा. तिकडे नळीत पाणी जिथे थांबेल तिथपर्यंत पूर आला होता. विहीर लांब असेल तर मध्ये बांबू रोवून टप्प्याटप्प्याने उंची पुढे न्या. चुका दोनच होतात. नळीत बुडबुडा राहतो आणि पातळी चार बोटं खोटी दाखवतो, म्हणून भरल्यावर नळी झटकत झटकत बुडबुडे काढा. आणि चालताना टोकावरचा अंगठा सुटून पाणी सांडतं. सांडलं तर पहिल्यापासून.

पाणी कठड्याच्या वर थांबलं तर ती विहीर पुरात बुडणार. कठड्याच्या खाली थांबलं पण ओट्याच्या वर असलं तरी ओट्याच्या तड्यांतून पाणी आत जाणारच. वहीत प्रत्येक विहीर, हापशी आणि नळयोजनेच्या बोअरसमोर तीनपैकी एक शब्द लिहा: बुडते, झिरपते, सुरक्षित. विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, समाजमंदिरावर त्या पातळीला हातभर लांब पट्टा मारून साल टाका. पावसाळ्यात नवीन सुना आणि नवीन मास्तर तोच पट्टा बघून ठरवतात.

नाला, मोरी आणि मामा तलाव

सफाईचा क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो. गावाजवळचा नाला आधी साफ करतात, खाली मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) तुंबलेलीच राहते. त्यामुळे साफ केलेल्या भागातून पाणी वेगाने येतं आणि मोरीशी अडून गावातच पसरतं. सुरुवात खालच्या टोकापासून करा आणि वर येत जा. मोरीत सापडतं ते ठरलेलं आहे: पऱ्हाट्या, तुराट्या, ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या रिकाम्या चुंगड्या आणि वर बेशरमच्या झुडपांचं जाळं. बेशरम नुसतं कापून काठावर टाकलं तर कांडी रुजून पुन्हा उभं राहतं. मुळासकट उपटायचं आणि उन्हात पूर्ण वाळू द्यायचं. काढलेला गाळही काठावर ठेवायचा नाही, पहिल्या सरीत तो परत आत जातो. तो शेतात न्या, किंवा नाल्यापासून लांब टाका.

मोरी साफ आहे म्हणजे पुरेशी आहे असं नाही. साधा हिशेब करून बघा. मोरीच्या वरचं पाणलोट १०० हेक्टर आहे आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर, तेव्हा एकूण झाले ५०,००० घनमीटर. निम्मं जरी वाहून आलं तरी तासाला २५,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ घनमीटर. तीन फुटी पाइप तुडुंब भरून सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहिला तर सव्वा घनमीटरच्या आसपास पाणी काढतो. म्हणजे असे पाच-सहा पाइप लागतात. बहुतेक पांदण रस्त्यांवर दोन असतात आणि त्यातला एक बुजलेला असतो. हा हिशेब कागदावर मांडून बांधकाम विभागाला दिलेला अर्ज 'मोरी लहान आहे, मोठी करावी' एवढ्याच अर्जापेक्षा जास्त ऐकला जातो.

जेसीबी मिळतोय म्हणून नाला वाट्टेल तसा खोल करू नका. पुलाच्या पायाजवळ खोदलं की पाया उघडा पडतो, आणि काठ सरळ तोडले की पुढच्या पावसात शेजारच्या शेतासकट खचतात.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे गावाच्या वर मामा तलाव असतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तिथे मेमध्ये पाळीवरून एक फेरी मारा. उंदीर-घुशींची बिळं, पाळीवर वाढलेली झाडं, तुडुमाजवळची (पाणी सोडायच्या तोंडाजवळची) ओल आणि सलंग, म्हणजे जास्तीचं पाणी जायचा सांडवा, मोकळी आहे का, एवढं बघायचं. मासे जाऊ नयेत म्हणून सलंगीत जाळी किंवा दगड लावलेले असतात. पालापाचोळा त्याला अडकतो, पाणी चढत जातं आणि एकदा पाळीवरून वाहायला लागलं की मातीची पाळ टिकत नाही. मासेमारी सोसायटीशी हे पावसाळ्याआधीच बोलून घ्या, रात्री दोन वाजता नाही.

गावाचा पर्जन्यमापक

सरळ भिंतीची पारदर्शक बरणी आणि तिच्या तोंडाएवढंच नरसाळं घ्या. जमिनीपासून फूटभर वर, घट्ट रोवून. शेजारच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवली की आडोसा लागत नाही. शीतपेयाची बाटली वापरणार असाल तर तिचा तळ खोलगट असतो आणि कंबर अरुंद, त्यामुळे पट्टी लावून मोजलेला आकडा चुकतो. मग पाणी मिलिलिटरमध्ये मोजा. नरसाळ्याचं तोंड दहा सेंटिमीटरचं असेल तर ७८५ मिलिलिटर म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस. मोजायला फवारणीच्या औषधाचं झाकण घेऊ नका, मोजण्यापुरतं सुद्धा नाही.

नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातंही त्याच वेळी मोजतं. त्यांच्या हिशेबाने चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अतिशय मुसळधार. महसूल खातं ६५ मिलिमीटरला अतिवृष्टी धरतं, पण ती महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजलेली. तुमच्या बरणीचा आकडा नुकसानभरपाईला चालत नाही. मंडळात ४० आणि गावात ११० असा प्रकार नेहमी होतो, तेव्हा पंचनाम्याच्या मागणीसोबत जोडायला मात्र ही वही उपयोगी पडते. तारीख-वेळ दिसेल असा बरणीचा फोटोही काढून ठेवा.

दोन-तीन पावसाळे नोंद झाली की गावाची स्वतःची खूणगाठ सापडते: इतक्या तासांत इतकं पडलं की रपट्यावर (नाल्यावरच्या बुटक्या पुलावर) पाणी येतं. हा आकडा दुसरं कोणी तुम्हाला देऊ शकत नाही.

पाणी चढत असताना

इथे थोडक्यात, कारण त्या वेळी वाचायला कोणी बसत नाही. खालच्या वस्तीतल्या घरांची यादी आधीच तयार हवी: म्हातारी माणसं, गरोदर बाया, अंथरुणाला खिळलेले. शाळा किंवा समाजमंदिराची किल्ली दोघांकडे. रेंज गेली की फोन निकामी होतो, म्हणून कोतवालाची दवंडी आणि देवळाची घंटा ठरवून ठेवा. गुरांची दावी सोडा, बांधलेलं जनावर बुडतं. नळयोजनेचा पंप बंद करा आणि टाकीचा व्हॉल्व्ह मिटवा, म्हणजे टाकीतलं चांगलं पाणी तरी हाताशी राहील.

रपट्यावरून वाहतं पाणी घोट्याच्या वर असेल तर पायी जायचं नाही, फूटभर असेल तर गाडी घालायची नाही. लहान चारचाकी तेवढ्या पाण्यात तरंगायला लागते. रपट्याच्या दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या फुटाला पांढरा-लाल रंग मारलेले लोखंडी खांब असले की वाद होत नाही. पावसाचा जोर असताना तिथे दोन माणसं दोरखंड घेऊन उभी करा. शाळेची गाडी आणि दारू प्यालेला मोटरसायकलवाला, हे दोघं अडवले तरी पुष्कळ. नंबर भिंतीवर रंगवलेले हवेत: आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.

पूर उतरल्यावर विहीर

हे काम सावकाश आणि क्रमाने करायचं.

बुडालेल्या विहिरीचं पाणी आधी बंद करा. दोरी-बादली काढून घ्या, कठड्याला लाल कापड बांधा आणि तोवर पाणी कुठून आणायचं ते त्याच वेळी सांगा. पर्याय न देता बंद केलेली विहीर रात्री उघडतेच.

मग उपसा. पण विहीर जुनी, दगडी किंवा विटांच्या बांधणीची असेल तर एकदम कोरडी करू नका. पुरानंतर भोवतालची माती पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी झपाट्याने काढलं की बाहेरचा दाब बांधणी आत ढकलतो आणि विहीर ढासळते. दिवसाला थोडं थोडं काढा, पाणी झिरपू द्या. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवायचं नाही, त्याचा धूर आत साचतो आणि उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. त्या वायूला वास नाही, आणि दिवा सोडून बघितला तरी तो कळत नाही. गाळ काढायला कोणी उतरलंच तर कमरेला दोर आणि वर दोन माणसं.

गाळ काढल्यावर आतली भिंत धुवा. दहा लिटर पाण्यात ६० ग्रॅम टीसीएल कालवून झाडूने घासायची. तोंडाला फडकं, हातमोजे आणि डोळे सांभाळून.

आता मात्रा. विहिरीत किती लिटर पाणी आहे ते आधी काढा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटात, गुणिले २२. मीटरमध्ये मोजलं तर गुणिले ७८५. उदाहरणार्थ १२ फूट व्यास आणि उपसा केल्यावर परत आलेलं ४ फूट पाणी: १२ × १२ × ४ × २२ म्हणजे १२,६७२, धरा १२,७०० लिटर.

बुडालेल्या विहिरीला पहिला, एकदाच द्यायचा जोरदार डोस १,००० लिटरला १५० ग्रॅम. आपल्या उदाहरणात १,९०० ग्रॅम. बारा तास कोणी पाणी काढायचं नाही. नंतर ते पाणी उपसून पडीक जमिनीवर सोडा. नाल्यात सोडलं तर मासे मरतात आणि गाव तुमच्याच नावाने ओरडतं. विहीर पुन्हा भरली की रोजची मात्रा सुरू करा, १,००० लिटरला ५ ग्रॅमपासून. विहिरीत १५ फूट पाणी असेल तर ४७,५२० लिटर, म्हणजे साधारण २४० ग्रॅम. हा आकडा अंतिम नाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतं, म्हणून खरी मात्रा ओटी ठरवते.

पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. ती तळाला बसते आणि वरचं पाणी तसंच राहतं. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, पाऊण बादली पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता, खालचा चुना फेकून द्या. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, डावी-उजवी हलवत राहा.

अर्ध्या तासाने ओटी. नळीत खुणेपर्यंत पाणी, डब्यावर लिहिलेले तेवढे थेंब, लगेच रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. काहीच रंग नाही म्हणजे कमी पडलं, तेवढीच मात्रा परत. गडद नारिंगी म्हणजे जास्त झालं, वाट बघा. गावातल्या शेवटच्या नळाला किमान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन मिळायला हवं, आणि पुरानंतरचे पंधरा दिवस ०.५ च्या जवळ ठेवलेलं बरं. रंगपट्टी उन्हात विटते, ती सावलीत ठेवा. तपासलेलं पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं, ओटी विषारी आहे.

मात्रा दुप्पट करूनही रंग येत नसेल तर पावडरीवर संशय घ्या. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची नाही. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात फाटक्या पोत्यात पडलेली, ढेकळं झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर म्हणजे चुना. कोरड्या, अंधाऱ्या जागी, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा आणि डब्यावर खरेदीची तारीख घाला. नमुना आरोग्यसेवकामार्फत तपासून मिळतो.

हापशी बुडाली असेल तर सहा इंची बोअरमध्ये एका मीटरला सुमारे १८ लिटर पाणी धरा. चाळीस मीटर पाणी म्हणजे साधारण ७०० लिटर, म्हणजे १०५ ग्रॅम टीसीएलची निवळी. मेकॅनिककडून वरचं झाकण उघडून ती ओता, क्लोरीनचा वास येईपर्यंत हापसा, रात्रभर तशीच ठेवा, सकाळी वास जाईपर्यंत पाणी काढून टाका. ओट्याला तडे असतील तर आधी ते बुजवा, नाहीतर पुढच्या सरीला सगळं वाया.

नळाचं पाणी का बिघडतं

टाकीत ओटी पिवळी आणि शेवटच्या घरात रंगच नाही, असं आढळलं की पाइपलाइन फुटलेली समजा. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि फुटक्या जागेतून नालीतलं पाणी आत ओढून घेतो. नळाला थेट टिल्लू पंप लावणारे हेच काम पुरवठा चालू असतानाही करतात. पंप ओढतो, दाब उणा होतो, शेजारच्या जोडातून घाण आत येते, आणि ती जाते दुसऱ्याच्याच घरी. पाणी मिळावं म्हणून अंगणात खड्डा करून खाली घेतलेला नळ पुरात बुडतो, तीही तीच वाट. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात साचलेलं पाणी काढणं हे जलसुरक्षकाचं रोजचं काम आहे, वर्षातून एकदाचं नाही.

काळी बाटली

जैविक तपासणीची बाटली खुणेपर्यंत भरायची, आत बोट लावायचं नाही आणि खोलीत उबदार जागी ठेवायची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जंतू आहेत. नमुना टीसीएल टाकायच्या आधी घ्या, नाहीतर बाटली खोटा दिलासा देते. प्रयोगशाळेत पाठवायचा नमुना त्यांनीच दिलेल्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात, त्याच दिवशी.

बाटली काळी पडली की अहवाल लिहून थांबू नका. ती मारुतीच्या पारावर ठेवा, शेजारी चांगल्या विहिरीची न बदललेली बाटली, आणि दोन्हींवर विहिरीचं नाव. तासभर भाषण देऊन जे होत नाही ते या दोन बाटल्यांनी होतं. फक्त विहीर कोणत्या वस्तीची यावरून टोमणे सुरू होतात. म्हणून त्याच दिवशी उपाय आणि तारीख लिहून लावा. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा पसरला तो उघड्या विहिरीचं पाणी पिण्यात आल्यामुळे. एकाच आळीत दोन दिवसांत तीन-चार जणांना हगवण लागली तर बाटली काळी होण्याची वाट बघायची नाही, आशाताईंना सांगा आणि ती विहीर बंद करा.

घरात पाणी फडक्याने गाळून, तुरटी दोन-तीन वेळा फिरवून निवळू द्यायचं, मग उकळायचं. उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर चुलीवर राहू द्या. गुंडात हात बुडवायचा नाही, दांडीचं ओगराळं ठेवा.

उकळून जे जात नाही

क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट यांना टीसीएल काही करत नाही, आणि उकळल्यावर पाणी आटतं म्हणून उलट त्यांचं प्रमाण वाढतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट असल्याचं जिभेलाच कळतं. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइड असतं, त्याला चव नाही. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. नायट्रेटची ४५. नायट्रेट जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वरच्या दुधात ते पाणी मुळीच नको.

पुरानंतर एक पेच हमखास उभा राहतो. विहीर बुडालेली आणि जवळची हापशी फ्लोराइडमुळे लाल रंगवलेली. अशा वेळी मोठ्या माणसांनी आठ-दहा दिवस लाल हापशीचं पाणी प्यायलेलं परवडतं. फ्लोराइड दात-हाडं बिघडवतं ते वर्षानुवर्षांच्या पिण्याने, पुराचं पाणी दोन दिवसांत आडवं करतं. विहीर सुरू झाली की मात्र हापशी परत बंद, आणि ती तारीखही वहीत.

फवारणीच्या औषधांचं काही एफटीकेत कळत नाही. नाल्यावर पंप धुणं आणि रिकामे डबे विहिरीजवळ टाकणं थांबवणं एवढंच गावाच्या हातात आहे. ते करायचं पोळ्याच्या आधी, फवारण्या जोरात असतात तेव्हा.

ऑक्टोबर

एप्रिलसारखंच ऑक्टोबरमध्ये पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आरोग्यसेवक फॉर्म भरायला येतात त्या दिवशी वही घेऊन त्यांच्यासोबत फिरा. तुटलेला ओटा, विहिरीपासून पंधरा मीटरच्या आतला उकिरडा, गळका व्हॉल्व्ह हे सगळं तिथेच लिहून घ्या. हीच यादी पुढच्या विकास आराखड्यात जाते, आणि वित्त आयोगाचा पाणी-स्वच्छतेचा बंधित निधी अशाच कामांसाठी असतो. रासायनिक तपासणीचा एक नमुना मेमध्ये घेऊन ठेवायचा आणि दुसरा याच महिन्यात, त्याच ठिकाणाहून, तेवढ्याच खोलीवरून. दोन आकडे शेजारी-शेजारी लिहा. पाणी भरल्यावर खारटपणा किंवा फ्लोराइड कमी झालेलं दिसलं तर त्या विहिरीच्या वरच्या अंगाला पुनर्भरणाचा खड्डा घेण्यात अर्थ आहे. नायट्रेट वाढलेलं दिसलं तर उकिरडा आणि गोठ्याची नाली बघा, ती विहिरीकडेच उतरत असेल.

उरलेली टीसीएल पुढच्या जूनसाठी ठेवू नका. टाकीला रोज लागते, त्यात संपवा आणि मेच्या शेवटी ताजी घ्या.